नौका निवडताना दोन कसोट्या

मी व्यवसायाने स्किपर आहे. मालकाने घेतलेली शिडाची नौका एका बंदरातून दुसऱ्या बंदरात सुखरूप पोहोचवणं हे माझं मुख्य काम. त्याला जोडून, नौका घेण्याआधी ती पारखून देण्याचं कामही येतं. कोकण किनारा आणि युरोपचा समुद्र अशा दोन्ही ठिकाणी मला हे करायला मिळालं. एका महिन्यात मी वेगासाठी बांधलेल्या हलक्या नौकेवर असते, तर पुढच्या महिन्यात जडशीळ, आरामशीर क्रूझिंग नौकेवर. यातली कुठलीच माझ्या मालकीची नसते, त्यामुळे कुणाची बाजू घ्यावी लागत नाही. समुद्रावर त्या कशा वागतात एवढंच पाहायचं असतं.

नौका घेऊ पाहणारी माणसं मला पहिला प्रश्न विचारतात तो हाच : वेगवान घ्यावी की आरामाची? या प्रश्नाला माझ्याकडे एका शब्दाचं उत्तर नाही. पण दोन कसोट्या आहेत, आणि त्या मी प्रत्येक नौकेला लावते. पहिली कसोटी अशी : इंजिन बंद पडलं, वारा समोरून आहे आणि पाठीशी किनारा आहे, अशा वेळी ही नौका केवळ शिडांच्या बळावर वर चढून मोकळ्या पाण्यात जाऊ शकेल का? दुसरी कसोटी : ती तशी चढत असताना, ज्याची पाळी नाही तो माणूस खाली झोपू शकेल का? या दोन्ही कसोट्यांना उतरणारी नौका कुठल्याही जातीची असली तरी मी तिला चांगली म्हणते. एकाच कसोटीला उतरणारी कितीही देखणी असली तरी लांबच्या प्रवासासाठी मी तिची शिफारस करत नाही.

या दोन जातींमधला फरक समजून घ्यायचा तर नौका पाण्याबाहेर काढलेली असताना तिच्या तळाशी उभं राहावं. चाळीस फुटांची वेगवान नौका साधारण सात-साडेसात टनांची असते. तिची कील म्हणजे सव्वादोन-अडीच मीटर खोल गेलेलं अरुंद पातं, आणि त्याच्या टोकाला शिशाचा जड गोळा. सुकाणूही तसंच पात्यासारखं, तळाला कुठेच न टेकता लोंबणारं. डोलकाठी उंच, शिडं मोठी. तेवढ्याच लांबीची क्रूझिंग नौका दहा टनांची किंवा त्याहून जड असू शकते. तिची कील लांब आणि उथळ असते, सुकाणूला पुढून आधार असतो, डोलकाठी आखूड असते, आणि पोटात पाण्याच्या नि डिझेलच्या मोठ्या टाक्या असतात. पाणी ढकलत जाणाऱ्या नौकेचा कमाल वेग तिच्या जलरेषेच्या लांबीवर ठरतो : फुटांतल्या लांबीचं वर्गमूळ काढायचं आणि त्याला १.३४ ने गुणायचं, की नॉटमधला वेग मिळतो. छत्तीस फूट जलरेषेच्या नौकेला हा हिशोब आठ नॉटच्या आसपास आणून ठेवतो, मग ती हलकी असो की जड. म्हणजे भरपूर वारा असेल तेव्हा दोघींमधलं अंतर आपल्याला वाटतं तेवढं नसतं. खरं अंतर पडतं ते दोन वेळा : वारा फार मंद असताना आणि वारा समोरून असताना.

आपल्या किनाऱ्यावर तर नेमके हेच दोन प्रसंग रोज येतात. पावसाळा सरला की कोकणच्या समुद्राचं एक वेळापत्रक सुरू होतं. मध्यरात्रीनंतर जमिनीकडून मतलई वारा वाहू लागतो, तो सकाळी उशिरापर्यंत टिकतो. मग तास-दोन तास समुद्र काचेसारखा होतो. दुपारी वायव्येकडून खारा वारा उठतो, संध्याकाळपर्यंत जोर धरतो आणि रात्री मावळतो. गोव्याहून मुंबईला यायचं म्हणजे उत्तर-वायव्येला यायचं, अर्थात दिवसातल्या सर्वांत चांगल्या वाऱ्याच्या थेट तोंडावर. हे अंतर सुमारे २२० समुद्री मैल आहे.

शिडाची नौका सरळ वाऱ्याच्या तोंडावर जाऊ शकत नाही, तिला नागमोडी चढावं लागतं. चांगली वेगवान नौका दोन वळणांमध्ये ९० अंशांचा कोन ठेवते. उथळ कीलची, ताणून सैल झालेल्या शिडांची क्रूझिंग नौका ११० अंशांवर जाते. ऐकायला फरक किरकोळ वाटतो. पण गणितापुरतं धरू की वारा सगळा वेळ समोरूनच आहे : मग पहिलीला २२० मैलांसाठी ३१० मैल चालावं लागतं आणि दुसरीला ३८५. पहिली साडेसहा नॉटने जात असेल आणि दुसरी साडेपाचने, तर पहिली दोन दिवसांत पोहोचते आणि दुसरीला जवळजवळ तीन दिवस लागतात. म्हणून दुसरीचा मालक इंजिन सुरू करतो आणि डिझेल जाळत, लाटांवर आपटत घरी येतो.

ही वाट मी दोन्ही प्रकारच्या नौकांवर चालले आहे. हलक्या नौकेवर मी जुन्या तांडेलांची पद्धत वापरते. पहाटेच्या मतलई वाऱ्यावर किनाऱ्यापासून बाहेर सरकायचं, दुपारी खारा वारा उठला की त्या मिळवलेल्या पाण्याच्या जोरावर उत्तरेला चढायचं, आणि वारा मावळेपर्यंत पुन्हा किनाऱ्याजवळ यायचं. वेंगुर्ल्याचे खडक, देवगड, विजयदुर्ग, जयगड, दाभोळ असं एकेक मागे पडत जातं. पाच-सहा नॉटचा वारा असला तरी हलकी नौका चार नॉटने चालते. त्याच वाऱ्यात जड नौकेची शिडं नुसती फडफडतात. इंजिन बंद ठेवून कोकण किनारा चढून येण्यात जे समाधान आहे ते मला वेगवान नौकांनीच दिलं, आणि ते मी मोलाचं मानते.

पण याच वाटेवर वेगवान नौकेचा दुबळेपणाही दिसतो. रात्री या पट्ट्यात मासेमारीची जाळी पसरलेली असतात. कुठे मिणमिणता दिवा, कुठे नुसता थर्माकोलचा तुकडा, कुठे काहीच नाही. अरुंद कील, तिच्या टोकाचा गोळा आणि लोंबतं सुकाणू यांत दोर अडकला की नौका जागच्या जागी थांबते. मग दिवस उजाडेपर्यंत वाट पाहायची आणि कुणीतरी सुरी घेऊन पाण्यात उतरायचं. लांब कीलची जड नौका तोच दोर तळावरून घसरवून पुढे निघून जाते. शिवाय खाड्यांच्या तोंडाशी वाळूचे दांडे असतात. पाण्याखाली दीड मीटर खोल असलेली नौका भरती साधून आत शिरते आणि रात्रभर निवांत पडून राहते. अडीच मीटरवाली बाहेर उघड्यावर हेलकावे खाते. म्हणून पहिली कसोटी लावताना मी विचारते : तुमची बंदरं कोणती? कीलची खोली हा वेगाचा मुद्दा जितका आहे तितकाच तो आसऱ्याचाही आहे.

आता दुसरी कसोटी, झोपेची. आराम हा शब्द नौकेच्या बाबतीत दोन वेगळ्या गोष्टींसाठी वापरला जातो आणि तिथेच खरेदीदाराची दिशाभूल होते. बंदरातला आराम म्हणजे रुंद केबिन, मोठ्या खिडक्या, मागे ऐसपैस पलंग, उभं राहून स्वयंपाक करता येईल असा ओटा. समुद्रातला आराम म्हणजे अरुंद, खोल बर्थ आणि त्यातून पडू नये म्हणून बांधलेलं कापड. कुठेही उभं राहिलं तरी हाताशी येणारा दांडा. आणि लाटेवर हळू, अंदाज बांधता येईल अशा लयीत हलणारा तळ. बंदरातला आराम रुंदी मागतो, समुद्रातला आराम वजन आणि खोली मागतो. प्रदर्शनात उभ्या असलेल्या नौकेत फक्त पहिला आराम दिसतो. आजच्या कित्येक वेगवान नौका आणि कित्येक आरामदायी म्हणून विकल्या जाणाऱ्या नौका या बाबतीत सारख्याच आहेत : दोघींचाही मागचा भाग रुंद, तळ सपाट, आणि समोरून लाटा आल्या की आपटणं अटळ.

बिस्केच्या उपसागरात एका हलक्या नौकेवर हे आपटणं मी पुरेपूर अनुभवलं. वारा समोरून पंचवीस नॉटचा. प्रत्येक तिसऱ्या-चौथ्या लाटेवर नाळ हवेत उचलली जायची आणि खाली येताना अख्खी नौका हादरायची. वेग उत्तम होता. पण दुसऱ्या रात्री माझ्या सोबतच्या दोघांपैकी कुणीही सलग तासभर झोपलेलं नव्हतं. चहा करायला उकळतं पाणी ओतणं धोक्याचं झालं होतं, म्हणून आम्ही बिस्किटं आणि थंड पाण्यावर होतो. न झोपलेला माणूस जहाजांचे दिवे नीट वाचत नाही, शीड कमी करायला उशीर करतो, साध्या गाठीत चुकतो. मी शिडं एवढी कमी केली की नौका साडेपाच नॉटवर आली, आणि तेव्हाच आपटणं सोसवण्याजोगं झालं. त्या वेळी एखादी जड नौका शेजारून जात असती तर ती तेवढ्याच वेगाने गेली असती, आणि तिच्यावरच्या लोकांनी गरम जेवणही केलं असतं. जो वेग माणसांना पेलत नाही तो लांबच्या प्रवासात हिशोबात धरू नये, हे तेव्हापासून माझ्या मनात पक्कं बसलं आहे.

शिडाच्या नौकांच्या जगात १९७९ सालची फास्टनेट शर्यत ही मोठी शिकवण मानली जाते. त्या ऑगस्टमध्ये ३०३ नौका निघाल्या आणि आयर्लंडच्या दक्षिणेला वादळात सापडल्या. शर्यतीतल्या १५ जणांचा मृत्यू झाला. २४ नौका त्यांच्यावरच्या लोकांनी सोडून दिल्या, पण त्यांतल्या पाचच बुडाल्या. बाकीच्या नंतर तरंगत सापडल्या. त्यानंतर नौकेच्या स्थैर्याकडे पाहण्याची दृष्टी बदलली. कलंडल्यावर किती अंशांपर्यंत नौका स्वतः सरळ होऊ शकते हा आकडा मी आज प्रत्येक खरेदीत मागते. त्याच शर्यतीत सर्वांत लहान नौकांच्या गटातून एकच नौका शर्यत पूर्ण करू शकली. ती काँटेसा ३२ जातीची होती : बत्तीस फूट लांब, अरुंद, खोल पोटाची, वजनाच्या मानाने भरपूर शिसं बाळगणारी. आत शिरलं तर ती आजच्या मानाने खूपच चिंचोळी वाटते. पण ती वाऱ्याच्या तोंडावर सुरेख चढते आणि लाटेत सावकाश हलते. माझ्या दोन्ही कसोट्यांना ती जवळपास पन्नास वर्षांपूर्वीच उतरलेली आहे, आणि तिला वेगवान म्हणावं की आरामाची, हे ठरवण्याची गरजच उरत नाही.

आपल्या मुंबईशी जोडलेलं याहून मोठं उदाहरण सुहेलीचं. ब्रिटिश दर्यावर्दी रॉबिन नॉक्स-जॉन्स्टन यांनी ही बत्तीस फुटी सागवानी नौका साठच्या दशकात मुंबईत बांधून घेतली. इथल्या सुतारांनी ती घडवली. १९६८ साली एकट्याने, कुठेही न थांबता जगप्रदक्षिणा करण्याची शर्यत लागली. तिच्यात नऊ जण उतरले, पूर्ण केली ती एकट्या सुहेलीने, ३१२ दिवसांत. त्याच शर्यतीतल्या नायजेल टेटली यांची तीन सांगाड्यांची नौका तिच्यापेक्षा वेगवान होती. घराच्या वाटेवर असताना, वेगाच्या ताणाखाली ती फुटली आणि बुडाली. सुहेली दिवसाला सरासरी शंभर मैलांच्या आगेमागे चालत राहिली. पुढे २०१२-१३ मध्ये अभिलाष टॉमी यांनी मुंबईहून निघून म्हादेई या नौकेवर कुठेही न थांबता प्रदक्षिणा केली, ती सुमारे १५० दिवसांत. म्हादेई गोव्यात दिवाडी बेटावर रत्नाकर दांडेकरांच्या गोदीत बांधलेली, डच आराखड्याची, छप्पन्न फुटांची. तिच्यावरच दिलीप दोंदे यांनी २००९-१० मध्ये एकट्याने जगप्रदक्षिणा करणारे पहिले भारतीय होण्याचा मान मिळवला होता. म्हादेईचं वजन तेवीस टनांच्या घरात, म्हणजे हलकी मुळीच नव्हे. तिचा वेग आला तो लांबीतून. ज्यांना वेग आणि झोप दोन्ही हवं आहे त्यांना मी म्हादेईकडे बोट दाखवून सांगते, की लांबी हा त्यावरचा सर्वांत जुना उपाय आहे. मात्र लांबीबरोबर शिडांचा, नांगराचा, देखभालीचा आणि बंदरभाड्याचा भारही वाढतो.

भाराचीच गोष्ट निघाली म्हणून सांगते. वेगवान नौकेचा वेग कागदावर लिहिलेला असतो तो रिकाम्या नौकेचा. चारशे लिटर पाणी म्हणजे चारशे किलो. दोनशे लिटर डिझेल म्हणजे आणखी एकशे सत्तर. दहा मिलिमीटर जाडीची नांगराची साखळी मीटरला सव्वादोन किलोहून थोडी अधिक भरते. साठ मीटर घेतली तर सुमारे १३५ किलो, आणि तीही अगदी नाळेत. मग बॅटऱ्या, सुटे भाग, लाइफराफ्ट, रबरी होडी, दोन महिन्यांचा शिधा. राहायला निघालेल्या जोडप्याचा सगळा संसार दीड टनाच्या आसपास जातो. दहा टनांच्या नौकेला हा भार जेमतेम जाणवतो. सात टनांची नौका मात्र पाण्यात खाली बसते आणि तिच्या हलकेपणाचा सगळा फायदा निघून जातो. मग मालकाकडे उरते ती महागडी, अवघडलेली नौका.

आता खरेदीदारांची दोन उदाहरणं. मुंबईचे एक तिशीतले मालक मोठी क्रूझिंग नौका घेण्याच्या बेतात होते. घरच्यांच्या सोयीसाठी, असं त्यांचं म्हणणं. मी त्यांना विचारलं, “वर्षातून किती रात्री तुम्ही नौकेवर झोपणार?” त्यांनी प्रामाणिकपणे सांगितलं की शनिवार-रविवार गेटवेसमोरच्या नांगरस्थळावरून निघायचं, कधी खांदेरी तर कधी मांडवा गाठायचं आणि रात्री घरी यायचं. मंद वारा, नौकाभर घरची मंडळी आणि सहा-सात तासांचा वेळ. त्यांना मी वेगवान नौका घ्यायला सांगितलं. सकाळच्या झुळकीवरही चालणारी, हाताला लगेच उत्तर देणारी नौका मुलांना शिडाची गोडी लावते. इंजिनवर रेंगाळणारी जड नौका ती गोडी घालवते. आज त्यांची मुलगी सुकाणूवर असते, आणि या सल्ल्याचा मला आनंद आहे.

साउदॅम्प्टनजवळ राहणाऱ्या एका मराठी डॉक्टर जोडप्याचं प्रकरण याच्या अगदी उलट. दोघंही निवृत्तीच्या उंबरठ्यावर. बिस्के ओलांडून भूमध्य समुद्रात जायचं आणि काही वर्षं तिथेच राहायचं, असा बेत. डॉक्टरसाहेबांचं मन एका वेगवान चाळीस फुटी नौकेवर बसलेलं. बाईंना मध्यभागी कॉकपिट असलेली, घरासारखी मोठी क्रूझिंग नौका दाखवली गेली होती आणि तीही त्यांना आवडली होती. मी एकच अट घातली : दोन्ही नौका वीस नॉटच्या वाऱ्यात, प्रवाह वाऱ्याच्या विरुद्ध असताना सोलेंट सामुद्रधुनीच्या पश्चिम तोंडाशी न्यायच्या. तिथे लाटा आखूड आणि उभ्या होतात. प्रत्येक नौकेवर बाईंनी खाली जाऊन चहा करायचा आणि अर्धा तास बर्थवर आडवं व्हायचं. डॉक्टरसाहेबांनी एकट्याने मुख्य शिडाला रीफ घालायचा, म्हणजे ते आखडून लहान करायचं.

हलक्या नौकेवर बाई दहा मिनिटांत वर आल्या, चेहरा पांढराफटक. मोठ्या नौकेवर त्या झोपल्या खऱ्या, पण वर डॉक्टरसाहेब हवालदिल होते : नौका काही केल्या वाऱ्यावर चढेना आणि इंजिन लावल्याशिवाय परतायची सोय नव्हती. परतताना बाई मला म्हणाल्या, “अगं, मला पाहुण्यांची खोली नको. पडताना धरायला दांडा दे आणि हा माणूस एकटा सांभाळू शकेल अशी शिडं दे.” नौका निवडण्याबद्दल यापेक्षा नेमकं बोलणं मी कुणा तज्ज्ञाकडूनही ऐकलेलं नाही. शेवटी त्यांनी सदतीस फुटांची, मध्यम वजनाची, बेताच्या खोल कीलची आणि आधार असलेल्या सुकाणूची वापरलेली नौका घेतली. वाचलेल्या पैशांतून नवी शिडं शिवून घेतली. हा मुद्दा फार थोडे लोक लक्षात घेतात : जुन्या, पोट सुटलेल्या शिडांनी उत्तम नौकाही वाऱ्यावर चढत नाही, आणि चांगल्या कापाच्या नव्या शिडांनी साधी क्रूझिंग नौका कित्येक अंश वर चढते.

त्यांची नौका बिस्केपार नेऊन देण्यासाठी मी त्यांच्यासोबत गेले. फिनिस्तेर भूशिराच्या अलीकडे वारा समोर आला. नौका तिरकी होऊन, आवाज न करता चढत राहिली. बाईंची पाळी संपली तशा त्या खाली गेल्या आणि पुढच्या पाळीला मला त्यांना हलवून उठवावं लागलं.

म्हणून जे विचारतात त्यांना मी हेच सांगते. तुमच्या पाण्यातला वारा बहुतेक दिवस कसा असतो ते आधी लिहून काढा. रात्री नौकेवर झोपणार की घरी, हे खरंखरं सांगा. सोबत नेणार असलेला सगळा संसार किलोंमध्ये मोजा. मग नौका तिच्या बंदरात बसून पाहू नका. तिला वाऱ्याच्या तोंडावर घेऊन जा, आणि घरातलं जे माणूस समुद्राला सर्वांत जास्त बिचकतं त्याला बरोबर न्या. ते माणूस खाली झोपलं आणि वरचा माणूस इंजिनाला हात न लावता नौका वर चढवू शकला, तर ती नौका घ्या. दोघांपैकी एकाला जरी ते जमलं नाही, तर विक्रेत्याला नम्रपणे नकार देऊन पुढची नौका पाहायला जा.